सहा सेंटिमीटर

मोसंबी फुलली की माझ्या नडग्या दुखतात. सांधे नाही, पोटऱ्या नाही, नेमक्या नडग्या. गुडघ्याच्या खाली चार बोटं. डॉक्टरला दाखवावं तर दाखवणार काय? तिथं कधी मार लागला नाही, टाका पडला नाही, साधा ओरखडासुद्धा नाही. त्या मोडायचं ठरलं होतं, एवढंच. ठरून राहिलेलं दुखणंही दरवर्षी वेळेवर येतं, हे मला पस्तिशी ओलांडल्यावर कळायला लागलं.

यंदाही आलं. संक्रांत होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. धाकट्या भावाचा फोन आला की बाग फुटली, येऊन जा. जालन्याहून निघाले, अंबडला उतरले, तिथून जीपनं गावच्या फाट्यावर. फाट्यापासून मळा पंधरा मिनिटांचा, पण वास अर्ध्या वाटेवरच गाठतो. गोड म्हणावा तर नुसता गोड नाही, पाठीमागं जराशी कडसर चव आहे. भावानं विचारलं, कशी फुटलीय? मी म्हटलं, झकास. आणि बांधावर बसून साडीवरूनच नडग्या चोळत राहिले.

ज्यांनी बाग पाहिली नाही त्यांना सांगते. मोसंबीला तिच्या मनानं फुलू दिलं तर ती वर्षभर थोडी थोडी फुलते, आणि असल्या फुलण्याचा बागाइतदाराला काही उपयोग नसतो. म्हणून मार्गशीर्षात बागेचं पाणी तोडायचं. याला ताण देणं म्हणतात. पानं आधी मलूल होतात, मग पिवळी पडतात, मग गळायला लागतात. झाड आता राहतं की जातं अशी शंका आली की हलकं पाणी सोडायचं, आठवड्यानं थोडं जास्त, मग पोटभर. त्यानंतर बाग अशी एकदम फुटते की फांदी दिसत नाही. लहानपणी मला हा शुद्ध दुष्टपणा वाटायचा. एकदा मी चोरून कळशीनं एका झाडाला पाणी घातलं. ते झाड त्या वर्षी फुललंच नाही, नुसती पालवी काढून बसलं. अण्णांनी कुणाचं काम ते ओळखलं, पण रागावले नाहीत. तुला दया आली ते चांगलंच झालं, म्हणाले, पण झाडाला दया कळत नाही.

अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. उंची चार फूट अकरा इंच, आणि त्या उंचीवर त्यांनी सगळ्यांच्या आधी स्वतःच विनोद करून ठेवले होते, म्हणजे दुसऱ्याला संधीच उरू नये. मोसंबीचं झाड ठेंगणं, फांद्या खाली आलेल्या. अण्णा टोपीसकट झाडाखालून सरळ चालत जायचे. मागून येणाऱ्या उंच माणसाला वाकावं लागलं की म्हणायचे, मालक कोण ते झाडांना बराबर कळतं, बाकीच्यांना ती आधी नमस्कार करायला लावतात. लोक हसायचे, मीही हसायचे. आपल्या माणसाचे विनोद आपण इतक्या वेळा ऐकलेले असतात की त्यामागं काही असेल असं वाटायचंच बंद होतं.

मी त्यांच्यावर गेले. माय पाच फूट तीन इंच, भाऊ तिच्यावर गेला आणि दहावीतच पाच-आठला पोचला. मी सहावीत जिथं थांबले तिथंच राहिले, चार फूट सहा. डी.एड. झाले, शाळेत लागले, चौथीचा वर्ग मिळाला. माझ्या वर्गात फळ्याचा वरचा हातभर पट्टा कायम कोरा असायचा. तारीख आणि सुविचार लिहायला वर्गातली एक उंच मुलगी नेमलेली होती. मार्च येईपर्यंत दोघं-तिघं माझ्या डोक्यावरून पलीकडं बघायला लागायचे. त्याचं मला काही वाटत नव्हतं. मुलं वाढतात, जातात, नवी येतात. खरं दुखणं लग्नाचं बघायला लागल्यावर सुरू झालं.

बघायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी मायनं एक युक्ती काढली होती. रीत अशी की पाहुणे बसले की मुलगी पोह्यांचं ताट घेऊन येते, नमस्कार करते आणि मग पाटावर बसते. आमच्याकडं उलटं. जीप फाट्यावर दिसली की मला आधीच पाटावर बसवून ठेवायचं, पाटाखाली चौपदरी गोधडी, वरून सतरंजी. पोहे भाऊ आणायचा. बसलेली मी चारचौघींसारखी दिसायचे. नाव सांगायचे, शिक्षण सांगायचे, नोकरी आहे म्हटल्यावर पाहुण्यांचे चेहरे जरा उजळायचे. मग कुणीतरी म्हातारी म्हणायचीच, चार पावलं चालून दाखव बाई. त्या चार पावलांत सगळं संपायचं. टेंभुर्णीचे पाहुणे तर पोहे अर्धे टाकून उठले होते.

मंठ्याचं स्थळ त्यातल्या त्यात बरं होतं. मुलगा मास्तर, घर शांत. मी चार पावलं चालले, तशी मुलाच्या आईनं माझ्याभोवती एक फेरी मारली आणि अगदी मायेनं म्हणाली की पोरगी गुणाची आहे, पण पातळ नेसवलं तर निम्मं भुईवर लोळंल. सगळे हसले. अण्णाही हसले आणि सवयीनं म्हणाले, आमच्या घराला कापड कमीच लागतं. पाहुणे गेले. मी ताटं गोळा करत होते, अण्णा सतरंजीची घडी घालत होते. त्यांच्याकडं न बघता मी म्हणाले,

“ही उंची तुमच्यापाशीच ठेवायची व्हती, अण्णा. मला कशाला दिली?”

आवाज चढवला नव्हता. चढवला असता तर बरं झालं असतं, रागात बोलली म्हणून त्यांनी सोडून दिलं असतं. अण्णांनी घडी पूर्ण केली, टोपी घातली आणि मळ्यात गेले. त्या दिवसानंतर उंचीवरचा विनोद मी त्यांच्या तोंडून ऐकला नाही. घरात एक आवाज कमी झाला, आणि तो मी बंद केला हे मला दुसऱ्या दिवशीच कळलं होतं. पण कळणं वेगळं आणि जाऊन माफी मागणं वेगळं.

दिवाळीत मावशीचा मुलगा आला. जीप उलटून त्याचा पाय मोडला होता आणि जोडला गेला तो तीन बोटं आखूड. दोन वर्षं लंगडत होता, तो त्या दिवाळीत सरळ चालत आला. औरंगाबादच्या एका डॉक्टरांनी त्याची नडगी पुन्हा कापली होती, पायाभोवती पोलादी रिंगा बसवल्या होत्या, हाडातून आरपार तारा घातल्या होत्या आणि रोज नट फिरवून एक-एक मिलिमीटर पाय लांबवला होता. मधली जागा नवं हाड येऊन भरते म्हणे. त्यानं पायजमा वर करून खुणा दाखवल्या. मायनं तोंड फिरवलं. अण्णा मात्र खाली बसले, चष्मा लावला आणि पानावरचा रोग बघावा तसे त्या खुणा किती तरी वेळ बघत राहिले. तो गेल्यावर मला म्हणाले, “एक पाय वाढतो, मंग दोन वाढायला काय हरकत हाय?”

वाचणाऱ्याला वाटेल, बिचारी पोरगी. तसं काही नव्हतं. कुणी मला बांधून नेत नव्हतं. त्या वाक्यानं मला आनंद झाला, आणि तो लपवायला मी चुलीपाशी जाऊन बसले. मला हवं होतं ते, फार हवं होतं. माझ्या सरळ, चालत्या पायांची मला त्या दिवशी काडीचीही कदर नव्हती.

औरंगाबादचा तो डॉक्टर भला माणूस निघाला. त्यांनी दोनदा विचारलं, अपघात नाही, पोलिओ नाही, मग कशासाठी? अण्णांनी मान खाली घालून सांगितलं. नुसत्या उंचीसाठी हे ऑपरेशन करायला मला आवडत नाही, डॉक्टर म्हणाले, फार थोड्यांचं केलंय. तरी मी अडून बसले तेव्हा त्यांनी भिंतीवर एक्स-रे लावून समजावलं. दोन्ही नडग्या कापायच्या. रोज एक मिलिमीटर, तोही एकदम नाही, दिवसातून चार वेळा पाव-पाव. सहा सेंटिमीटर, त्यापुढं नाही. दोन महिने वाढवायचं, आणि ते हाड पक्कं होईपर्यंत आणखी पाच-सहा महिने रिंगा पायावरच. मग काठ्या, मग व्यायाम. तारांच्या भोकांत पू होऊ शकतो, शीर दुखावू शकते, हाड भरायचं राहू शकतं, पंजा खाली ओढला जाऊ शकतो. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, नट कोण फिरवतं? घरातलंच कुणीतरी, डॉक्टर म्हणाले. “मंग जमतं,” अण्णा म्हणाले. डॉक्टरांनी आम्हाला विचार करायला दोन महिने दिले.

ते दोन महिने आम्ही विचारात घालवलेच नाहीत, तयारीत घालवले. तयारी करण्यात आमचं घर मोठं हुशार. विचार मात्र आम्ही एकदा केला की केला, पुन्हा त्याच्याकडं बघत नाही.

रिंगा बसवल्यावर उकिडवं बसता येणार नव्हतं. म्हणून अण्णांनी जुन्या लाकडी खुर्चीला मधोमध करवतीनं भोक पाडलं, कडा काचपेपरनं घासून घासून गुळगुळीत केल्या, खाली बादली बसते का ते पाहिलं. खुर्चीवर आधी ते स्वतः बसून बघत होते. माय दारात उभी राहून तोंडाला पदर लावून हसत होती, आणि हसता हसता रडायला लागली. “धडधाकट पोरीचे पाय मोडायला निघालेत,” एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिनंच शिवणाची मशीन काढली. रिंगांवरून सलवार जाणार नाही, म्हणून दोन्ही बाजूंनी उघडे, जागोजाग नाड्या लावलेले परकर शिवले. सहा शिवले. प्रत्येक नाडीच्या टोकाला तिनं लाल दोरा गुंडाळला होता. त्याची काही गरज नव्हती, पण साधी नाडी तिला बघवेना.

सहा सेंटिमीटर म्हणजे नेमकं किती, हे डोळ्यांना दिसावं म्हणून अण्णांनी सुताराकडून तेवढ्या जाडीच्या दोन खडावा करून आणल्या, वर चामड्याचे पट्टे. पोरगी उद्या जिथून जग बघणार ते आधी बघून घेऊ दे, असं त्यांचं म्हणणं. मी आठवडाभर घरात खडावा घालून फिरले. भांड्यांच्या फळीची वरची बाजू दिसली, तिथं बोटभर धूळ होती. मायच्या मापानं टांगलेल्या आरशात मला नाकापर्यंतच दिसायचं, आता ओठ दिसले. खिडकीचा वरचा कडीकोयंडा हाताला आला. मी तो उगीच लावायचे आणि काढायचे. शाळेत जाताना खडावा काढून चपला घातल्या की घर एकदम उंच व्हायचं, आणि मला रडू यायचं. आठवडाभरापूर्वी जी उंची मला निदान सवयीची होती, ती आता सोसवेना. आपल्याजवळ नसलेल्या गोष्टीची सवय अशी सात दिवसांत लागते.

अण्णांची तालीम वेगळीच चालली होती. मावशीच्या मुलानं आठवण म्हणून ठेवलेली रिंगेची एक आट्याची दांडी आणि दोन नट त्यांनी मागून आणले, खाटेच्या पायाला बांधले. नटाला तांबड्या रंगाचा एक ठिपका दिला. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा आणि निजायच्या आधी, असे चार वेळा दहा नंबरचा पाना घेऊन ते खाटेपाशी बसायचे आणि नट बराबर पाव फेरा फिरवायचे. जास्ती गेला तर पोरीला लागेल, कमी गेला तर हाड अडेल, म्हणायचे. महिनाभरात त्यांचा हात असा बसला की ते डोळे मिटूनही नेमके पाव फेऱ्यावर थांबायचे. मला कौतुक वाटायचं. एखाद्या बापाला मुलीचं दुखणं किती बारकाईनं शिकता येतं, याचं.

बाकी सगळं त्यांनी बागेच्या वेळापत्रकावर बसवलं होतं. ताण तुटला, फूल आलं, फळ गोटीएवढं झालं की ऑपरेशन. फळ लिंबाएवढं होईल तोवर नट फिरवणं संपेल. मोसंबीवर पोपटी रंग चढेल तेव्हा तू चालायला लागशील, ते मला सांगायचे. गावात सांगायचं की पोरगी औरंगाबादला ट्रेनिंगला गेलीय. आणि परत आल्यावर उंच कशी झाली म्हणून विचारलं तर? त्यालाही अण्णांचं उत्तर तयार होतं, शहराची हवा मानवली म्हणायचं. आम्ही तिघांनीही यावर गंभीरपणे माना हलवल्या. सव्वीस वर्षांच्या शिक्षिकेला हवा मानवून उंची येते, यावर गाव विश्वास ठेवेल असं आम्हाला खरोखर वाटत होतं. आणि त्याहून मोठी गोष्ट आमच्यातल्या एकानंही बोलून दाखवली नाही. चार फूट सहामध्ये सहा सेंटिमीटर मिळवले की चार फूट आठ आणि वर थोडं होतं. तेवढ्यानं मंठ्याची बाई पातळाबद्दल काही वेगळं बोलली असती का? आम्हाला विचारायची भीती वाटत होती असंही नाही. ते कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

या सगळ्यात बाग मागं पडली. आमच्या मळ्याची खालची पट्टी काळीची आणि वरची मुरमाड. हलक्या रानाला ताण कमी दिवस पुरतो, तिथलं पाणी आधी सोडावं लागतं. हे अण्णांनी गावातल्या निम्म्या लोकांना शिकवलेलं. पान चुरगाळून, त्याचा आवाज ऐकून ते दिवस सांगायचे. त्या वर्षी मात्र ते औरंगाबादला दवाखान्याजवळ तळमजल्याची खोली शोधत होते, खाटेची उंची मोजत होते, मच्छरदाणीला बांबूचा सांगाडा करत होते. माय दोनदा म्हणाली, झाडांकडं बी बघा. परवा सोडू, अण्णा म्हणाले. सोडलं तेव्हा वरच्या पट्टीतल्या झाडांचे शेंडे वाळले होते. खालची बाग पांढरीशुभ्र फुटली आणि वरच्या रांगांत नुसत्या काटक्या. गावातली माणसं बांधावर थांबून बघायची आणि काही न बोलता पुढं जायची. अण्णांसारख्या माणसाची ही चूक म्हटल्यावर बोलणार काय? यातली तीन झाडं पुढं कधी सावरलीच नाहीत. परवा भावाबरोबर फिरताना पाहिलं, त्यांच्या जागी नवी कलमं लावलीत, ती अजून माझ्या कमरेला लागतात.

माझं लग्न त्यानंतर दोन वर्षांनी झालं, याच उंचीत झालं. नवरा मध्यम उंचीचा, जालन्याला नोकरीला, बोलायला कमी. बघायला आला तेव्हा मी मायची युक्ती चालू दिली नाही, दारात उभी राहूनच पोहे दिले. त्याची गोष्ट वेगळी, आणि ती बरी आहे. सांगायचं ते हे की ज्या कारणासाठी पाय मोडायचे होते ते कारण असं आपोआप निघून गेलं आणि बाकीचं सगळं घरात राहून गेलं. परकर कापून मायनं उशांना अभ्रे केले. खडावा भावजयीनं पाण्याच्या माठाखाली लावल्या. भोकाची खुर्ची माळ्यावर होती, ती अण्णांच्या शेवटच्या दुखण्यात खाली काढली. त्यांना धरून त्या खुर्चीवर बसवताना माझी बोटं त्या घासलेल्या कडांवरून जायची. अजून गुळगुळीत होत्या. तेव्हा तरी बोलायला हवं होतं. मी त्यांना विचारायचे, थंडी वाजते का, चहा घेता का.

तर दोन महिने संपले आणि आम्ही डॉक्टरांकडं गेलो, अण्णा आणि मी. त्या दिवशी फक्त तारीख घ्यायची होती. मला पडद्यामागं टेबलावर झोपवून डॉक्टरांनी पाय मोजले आणि बाहेर गेले. मी साडी नीट करत होते. पडद्याच्या त्या बाजूनं अण्णांचा आवाज आला, एकदम हळू.

“साहेब, हे किती वयापर्यंत जमतं?”

डॉक्टर म्हणाले, मुलगी सव्वीसचीच आहे, वयाची काळजी करू नका.

“तिचं न्हाई,” अण्णा म्हणाले. मग लगेच, “काई न्हाई. सहज इचारलं.”

मी पडद्यामागं तशीच उभी राहिले. अण्णा तेव्हा छप्पन्न वर्षांचे होते. झाडं मालकाला ओळखतात म्हणणारा माणूस. एवढी वर्षं ज्या विनोदांना मी हसत होते ते सगळे माझ्या कानात पुन्हा वाजले, आणि एकालाही हसू येईना. त्यांनाही ही उंची नकोच होती. त्यांनी ती मला दिली नव्हती, ती त्यांच्या पदरात जशी पडली तशीच माझ्या पडली होती. आणि मी त्यांना विचारलं होतं, मला कशाला दिली.

डॉक्टर मला म्हणाले, होकार देण्याआधी वॉर्डातल्या एका मुलीशी बोल, एकटी जा. परभणीकडची मुलगी होती, एकोणीस-वीस वर्षांची, माझ्यासारखीच नुसत्या उंचीसाठी आलेली, दुसरीकडं ऑपरेशन करून आता इथं दुरुस्तीला. दोन्ही पायांवर रिंगा, तारांभोवती लालसर ओली कातडी, पंजे खाली ओढलेले आणि ते वर खेचायला पट्टे बांधलेले. तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि काय ते समजली. उंची वाढली, म्हणाली, पण टाच टेकत नाही. चवड्यांवर उभं राहावं लागतं. मी विचारलं, फार दुखतं का?

“नट बाबा फिरवायचे,” ती म्हणाली. “पाना घेऊन दारात दिसले की वाटायचं, या माणसाचा जीव घ्यावा. काय काय बोलले मी त्यान्ला. ते ऐकून घ्यायचे, बराबर पाव फेरा द्यायचे आन् बाहेर जाऊन उभे राह्यचे. आता नट बंद हाय. तरी ते बाहेरच उभे राह्यतात.”

मी दाराबाहेर पाहिलं. व्हरांड्यातल्या बाकावर तिचे वडील बसले होते आणि शेजारी अण्णा. ते दोघं बोलत होते. तिच्या वडिलांनी हवेत बोटं धरून काहीतरी फिरवून दाखवलं, किती फिरवायचं आणि कुठं थांबायचं. अण्णांनी पुढं झुकून ते नीट पाहिलं आणि आपली बोटं तशीच धरून फिरवली. एकदा, दोनदा. त्या माणसानं मान हलवली, बराबर.

मला तिथंच कळलं की माझ्याच्यानं हे व्हायचं नाही. पाय मोडून घेतले असते, दुखणं सोसलं असतं, टाच टेकली नसती तरी चवड्यांवर चालले असते. मी हट्टी आहे. पण दिवसातून चार वेळा अण्णा पाना घेऊन येणार, आणि चार वेळा मी त्यांना बोलणार. मंठ्याचे पाहुणे गेले त्या दिवशी बोलले त्याहून वाईट बोलणार. आणि ते ऐकून घेणार, कारण ते ऐकून घ्यायलाच येणार होते. एवढी तयारी त्यांनी त्यासाठीच केली होती. मी त्या मुलीचा हात हातात घेतला, तिनं तो काढून घेतला. मी बाहेर आले. डॉक्टरांना कळवते म्हणाले आणि आम्ही निघालो.

स्टँडवर अंबडची गाडी यायची होती. बाकड्यावर बसलो. अण्णांनी पिशवीतून शेंगदाणे काढून माझ्या ओंजळीत दिले. मी म्हणाले, “अण्णा, मला न्हाई करायचं.”

त्यांनी पिशवीचं तोंड नीट बांधलं. मग त्यांनी विचारलं, “दुखण्याला भ्याली का?”

मी हो म्हणाले. तेच सगळ्यात सोपं होतं. खरं सांगायचं तर पडद्यामागचं सांगावं लागलं असतं, व्हरांड्यातलं सांगावं लागलं असतं, आणि सगळ्यात आधी, त्या दिवशी ताटं उचलताना बोलले ते चुकलं म्हणून सांगावं लागलं असतं. हो म्हटल्यावर यातलं काहीच सांगावं लागत नव्हतं. मला वाटलं, त्यांना हायसं वाटेल.

अण्णांनी हळूहळू मान हलवली.

“भ्यायला बी माझ्यावरच गेली,” ते म्हणाले.

हा विनोद असेल म्हणून मी त्यांच्याकडं पाहिलं. तो विनोद नव्हता. गाडी लागली, तसे ते पिशवी उचलून जागा धरायला पुढं गेले, गर्दीत दिसेनासे झाले, आणि खिडकीतून हात काढून मला बोलवायला लागले. मी भ्याले नव्हते. एवढं सांगायला मला त्या गाडीत अडीच तास होते आणि पुढं सात वर्षं.